पलटण बेळगावात, न्यायाधिकरण कोचीत

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावात आहे आणि रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिसही. भरतीपासून पेन्शनपर्यंत जवानाच्या आयुष्याची कागदोपत्री नोंद इथंच होते. खानापूरच्या किंवा निपाणीच्या माणसाला हे ऑफिस तासा-दीड तासावर. पण त्या नोंदीत चूक राहिली, पेन्शन नाकारली गेली आणि दाद मागायची वेळ आली, तर वाट थेट केरळात जाते. 2007 च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालं, 2009 पासून ते काम करू लागलं. त्याच्या रचनेत कर्नाटक कोची खंडपीठाकडे आलं, तर महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे. निवृत्त सैनिकाला आपण राहतो तिथल्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो, ही सवलत खरी. पण एकाच पलटणीत वीस वर्षं काढलेल्या दोघांपैकी गडहिंग्लजच्याला ती मुंबईला नेते आणि निपाणीच्याला कोचीला. दोघांच्या गावांच्या मधून राज्याची हद्द गेली आहे, एवढाच काय तो फरक.

तरीही माझ्या मते खरी अडचण कोचीच्या अंतराची नाही. बहुतेक प्रकरणं कोचीपर्यंत पोचतच नाहीत. ती घरातल्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाच्या आत घडी घालून ठेवलेल्या इंग्रजी पत्रापाशी थांबतात.

असं एक पत्र समोर ठेवून पाहावं. मेडिकल बोर्डानं जवानाला आजारपणामुळे घरी पाठवलं आणि शेरा मारला की, आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेनं वाढलेलाही नाही. या एका ओळीनं अपंगत्व पेन्शन जाते. खाली बारीक अक्षरात अपिलाची मुदत असते. घरचे समजतात, सरकारनं सांगितलं म्हणजे विषय संपला. 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढं दिसला तर तो सेवेतच उद्भवला असं धरायचं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. हे तत्त्व ट्रंकेतल्या पत्राला लागू पडतं का, हे त्या घराला कोण सांगणार? 2023 मध्ये पात्रतेचे नियम बदलले, म्हणजे कोण कुठल्या तारखेला सुटला हेही आता पाहावं लागतं. शिवाय कायदा थांबत नाही. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे जायचं असतं. पेन्शनसारख्या दर महिन्याला चालू राहणाऱ्या अन्यायात उशीर माफ होतो. पण 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. दहा वर्षं गप्प बसलेल्या घराची सात वर्षं कायमची गेली.

बायकांच्या बाबतीत गुंता नावापासून सुरू होतो. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पलटणीच्या नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि आधार कार्डावर कन्नड नोंदीवरून इंग्रजीत उतरलेलं तिसरंच स्पेलिंग. नवरा असेपर्यंत याची कुणाला गरज पडत नाही. तो गेला की कुटुंब पेन्शनच्या अर्जावर हीच तीन नावं तिच्या आड येतात. ही तिन्ही एकाच बाईची नावं आहेत एवढं सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, नोटरी आणि दोन-तीन कचेऱ्यांच्या फेऱ्या. पलटणीशी पत्रव्यवहार इंग्रजीत किंवा हिंदीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आणि बाईला वाचता येतं ते मराठी.

रेजिमेंट आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडत नाही, असं निवृत्त सुभेदार अभिमानानं सांगतात. ते खरं आहे आणि त्या आपुलकीचा मला आदर आहे. पण रेकॉर्ड ऑफिसच्याच निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल, तर त्याच ऑफिसातल्या माणसानं दिलेला सल्ला पुरेसा कसा ठरेल? दुसऱ्या बाजूचा कागद लिहून देणारा माणूस बाहेरचा हवा. शिवाय सीमाभागातले सगळे जवान मराठा पलटणीत नसतात. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. त्यांच्या विधवांना बेळगावच्या ऑफिसचा काही उपयोग नाही.

कायदेशीर मदतीची तरतूद नाही असं नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे प्रत्येक वीरपत्नी त्यात बसते. धडधाकट माजी सैनिकाला मात्र उत्पन्नाची मर्यादा आडवी येऊ शकते. 26 जुलै 2025 रोजी, कारगिल विजय दिवशी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली. जिल्हा सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेशीर मदत केंद्रं उघडायची, ही तिची दिशा. चांगली दिशा आहे. पण बेळगाव जिल्हा मोठा आहे, आणि जिल्ह्याच्या गावी उघडलेलं केंद्र निपाणीच्या किंवा चिकोडीच्या सत्तरीतल्या बाईला पुरेसं नाही. ते तालुक्याच्या कचेरीत, आठवड्यातून एक दिवस, मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्या माणसासह बसलं पाहिजे. त्यासाठी दरवेळी वकीलच हवा असं नाही. मुदत मोजता येणारा, पत्राची पोच ठेवायला सांगणारा एखादा निवृत्त हवालदार, कारकुनी केलेला, हे काम उत्तम करेल.

राज्यघटनेचा 350 वा अनुच्छेद सांगतो की, तक्रारीचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की मोर्चा आणि फलक डोळ्यांपुढं येतात. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात अजून चालू आहे. त्याचा निकाल काहीही लागो, मराठीत लिहिलेला पेन्शनचा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचं कारण नाही.

शेतीच्या वादांकडेही तालुक्याच्या केंद्रातला हाच माणूस पाहू शकतो. जवान सीमेवर असताना भाऊबंदकीत वाटणीचा दावा दाखल होतो. 1925 चा भारतीय सैनिक खटला कायदा अजून लागू आहे. विशिष्ट परिस्थितीत सेवेत असलेल्या आणि वकील न दिलेल्या सैनिकाविरुद्धचं काम न्यायालयानं थांबवावं, आणि जिल्हाधिकाऱ्यानं तसं प्रमाणपत्र पाठवावं, अशी त्यात सोय आहे. किती घरांना हे ठाऊक असेल? आणि पेन्शनच्या वादात न्यायाधिकरणात हरल्यावरही उच्च न्यायालयाचं दार बंद नाही, हे 2023 च्या परशोत्तम दास निकालानं पुन्हा स्पष्ट केलं. बेळगावकरांसाठी ते दार धारवाडच्या पीठात आहे. एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पण तिथं जायचं तर आधी ट्रंकेतलं ते पत्र कुणीतरी मराठीत वाचून दाखवलेलं असावं लागतं, आणि तेही मुदतीच्या आत.