देव्हाऱ्यातून उतरलेली नोरा

नोरा ऑनरच्या चाहत्यांना फिलिपिन्समध्ये ‘नोरानियन’ म्हणतात. एखाद्या पंथाच्या अनुयायांना शोभावं असं हे नाव, आणि त्यांची भक्तीही तशीच. बिकोल भागातल्या इरिगाच्या रेल्वे स्टेशनवर लहानपणी पाणी विकणारी ही मुलगी १९६७ साली ‘तावाग नाङ तांघालान’ ही गाण्याची स्पर्धा जिंकली आणि बघता बघता देशाची लाडकी तारका झाली. बुटकी, सावळी. तोवर तिथली नायिका म्हणजे उंच, गोरी, मिश्र रक्ताची. घरकाम करणाऱ्या बायका, कारखान्यातल्या मुली यांना पडद्यावर आपल्याच रंगाचं माणूस पहिल्यांदा एवढ्या थाटात दिसलं.

गोड गाणी आणि कोवळी प्रेमं यांवर तिचं आयुष्य सुखात गेलं असतं. तिने मात्र स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि १९७६ साली मारिओ ओहारा यांच्या दिग्दर्शनाखाली ‘तात्लोङ ताओङ वालाङ दियोस’ केला. जपानी अंमलाखालच्या गावातली शिक्षिका, तिच्यावर अत्याचार करणारा अधिकारी आणि त्या दोघांत पुढे जडणारं अवघड नातं. चाहत्यांना रुचेल असं त्यात फारसं काही नव्हतं.

पण तिची खरी झेप मला दिसते ती १९८० च्या ‘बोना’त. दिग्दर्शक लिनो ब्रोका, निर्मिती पुन्हा तिचीच. चित्रपट सुरू होतो मनिलातल्या कियापोच्या काळ्या ख्रिस्ताच्या मिरवणुकीने, मूर्तीला हात लागावा म्हणून एकमेकांवर लोटणाऱ्या गर्दीने. त्या गर्दीतली बोना किरकोळ भूमिका करणाऱ्या एका नटावर भाळते, घर सोडून त्याच्या झोपडपट्टीत राहायला जाते, त्याच्यासाठी पाणी भरते, त्याच्या आंघोळीचं पाणी तापवते. तो तिला मोलकरणीसारखं वागवतो. शेवटी तेच उकळतं पाणी ती त्याच्या अंगावर ओतते. जिच्यासाठी हजारो मुली वेड्या झाल्या होत्या, तिने पडद्यावर त्या मुलींपैकीच एक होणं पत्करलं आणि त्यांच्या भक्तीत किती अपमान गिळलेला असतो ते दाखवलं. एखाद्या लोकप्रिय नटीने आपल्या प्रेक्षकाला याहून मोठा मान दिल्याचं मला माहीत नाही.

दोनच वर्षांनी इश्माएल बर्नाल यांचा ‘हिमाला’ आला. पटकथा रिकी ली यांची. दुष्काळी गावातली एल्सा मेरीमातेचं दर्शन झाल्याचं सांगते, रोग्यांवर हात ठेवते. गाव गजबजतं, धंदे उभे राहतात, माणसं मरतात. अखेर हजारोंच्या जमावापुढे ती चमत्कार नसल्याचं कबूल करते आणि गोळीला बळी पडते. हा जमाव नोराच्या ओळखीचा होता. म्हणूनच एल्साच्या चेहऱ्यावर ना ढोंग दिसतं, ना संतपण. दिसतो तो फक्त इतक्या नजरांचा भार. ‘हिमाला’ १९८३ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

तिची सारी ताकद डोळ्यांत होती. २०१० च्या सुमारास एका शस्त्रक्रियेनंतर तिचा गाता गळा गेला, आणि २०१२ साली ब्रिलांते मेंदोझा यांच्या ‘दाय वूम्ब’मध्ये तिने तावी-तावीच्या समुद्रावरची बजाऊ जमातीतली सुईण उभी केली. स्वतःला मूल नाही म्हणून ही बाई नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधत फिरते. संवाद मोजकेच. या भूमिकेसाठी तिला आशियाई चित्रपट पुरस्कार मिळाला.

२०१४ साली राष्ट्रीय कलावंतांच्या यादीतून राष्ट्राध्यक्षांनी तिचं नाव वगळलं. अमली पदार्थांच्या जुन्या खटल्याचं कारण पुढे आलं. कलेचा सन्मान देताना असा हिशेब मांडणं मला आजही क्षुद्र वाटतं. तो किताब तिला मिळाला २०२२ साली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती गेली. त्याच्या आदल्या वर्षी ‘बोना’ची नव्याने सिद्ध केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली होती. नोराची ओळख करून घ्यायची असेल त्याने तिथूनच सुरुवात करावी.