अडीच फुटी रुळांवरचं जंक्शन

रेल्वे आली की गाव सुधारतं, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ती कुणासाठी आली, हे विचारायचं राहूनच जातं. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर घ्या. मुंबई-नागपूर लाइनीवरचं हे स्टेशन. त्याला जंक्शनचा तोरा मिळाला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इथून निघालेल्या दोन नॅरोगेज फाट्यांमुळे. उत्तरेला अचलपूर, सुमारे ७६ किलोमीटर. दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळ, सुमारे ११३. किलिक निक्सनच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची नजर होती वऱ्हाडच्या कापसावर. माणसांची ने-आण हा जोडधंदा.

खरी गोम गेजमध्ये आहे. छोटे रूळ अडीच फुटी, मोठे साडेपाच. इकडचा डबा तिकडे चढूच शकत नाही. म्हणजे यवतमाळकडून आलेली कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापुरात उतरायची आणि हमालांच्या हातून मोठ्या वाघिणीत चढायची. उतारूंचंही तेच, पुढची गाडी चुकली की फलाटावर मुक्काम. रेल्वेच्या हिशेबात हा निव्वळ खोळंबा. पण हमाली, चहा, खाणावळ सगळं चालतं त्या खोळंब्यावरच. जंक्शनच्या गावाचं पोट गाडी थांबण्यावर असतं.

म्हणून ट्रक आले तेव्हा घाव नेमका इथे बसला. ट्रक जिनिंगच्या दारात गाठी भरतो, त्या मधे कुठेही उतरवाव्या लागत नाहीत. एसटीने उतारू नेले. मागे उरले ते ज्यांना एसटीचं भाडंही जड जायचं. त्यांची ही छोटी गाडी, लोकांच्या तोंडी 'शकुंतला', अचलपूरला पोचायला चारेक तास घ्यायची आणि गार्डच तिकिटं द्यायचा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. लोक याचं कौतुक करतात. मला त्यात हेळसांड जास्त दिसते.

ही लाइन अजून इंग्रजांचीच, अशी बातमी अधूनमधून चवीने छापली जाते. प्रश्न त्याहून रुक्ष आहे. रूळ कंपनीचे, गाडी सरकारी रेल्वेची. दुसऱ्याच्या रुळांवर पैसा कोण घालणार? दुरुस्त्या रखडल्या, वेग उतरत गेला, आणि आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी बंद पडली.

ब्रॉडगेजसाठी लोक आंदोलनं करतात. मागणी रास्तच आहे. अचलपूरच्या शेतकऱ्याला, विद्यार्थ्याला स्वस्त गाडी मिळायलाच हवी. मात्र त्यातून जुनं मूर्तिजापूर परत येईल, ही आशा खोटी आहे. गेज एक झालं की डबे थेट पुढे जातील. आणि यवतमाळपुरतं तर तेवढंही उरलेलं नाही. तिथे येणारी नवी ब्रॉडगेज वर्ध्याहून नांदेडकडे चालली आहे, तिचा कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला, आणि मूर्तिजापूर तिच्या वाटेवर नाही.