चांगल्या कामाची किंमत कोण देतो?



विजेची किंमत आपल्या चंद्रपूरला कोणी वेगळी सांगायला नको. २९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक केंद्राचा धूर आणि राख आपल्या ओळखीची आहे. म्हणून पवनचक्क्यांची बातमी वाचली की आपल्याला बरे वाटते. ना कोळसा, ना धूर. यात वाईट ते काय?

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर संशोधकांनी याचा शोध घेतला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. पक्षी घटले, तसे त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले व निर्धास्त झाले. माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात.

पवनचक्की उभारणाऱ्याचे पक्ष्यांशी वैर नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातून नीतिशास्त्रात एक तत्त्व रूढ झाले: हेतू चांगला असेल, हानी हे त्याचे साधन नसेल आणि हानीच्या मानाने लाभ मोठा असेल, तर दुहेरी परिणामाची कृती समर्थनीय ठरते. याचाच आधार घेऊन आपण म्हणतो, "आमच्या मनात तसे नव्हते." पण हानी कळल्यावर एवढे पुरत नाही. ती टाळता येत होती का, हा प्रश्न उरतोच.

गिधाडांचे उदाहरण पाहू. जनावरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक दिले जाई. अशा मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. कारण २००४ साली उमगले. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅमचा पर्याय पुढे आला. गाईवरची दया सोडावी लागली नाही, फक्त औषध बदलावे लागले. गडचिरोलीत तर वनविभागाने गिधाडांसाठी 'उपाहारगृहे' चालवली.

म्हणून कोळसाच बरा, असे नव्हे. पक्ष्यांचे मार्ग पाहून पवनचक्क्यांची जागा निवडता येते. मोठे पक्षी जवळ येताच पाती थांबवता येतात. यात खर्च वाढेल, वीज थोडी कमी मिळेल. तो भार आपण उचलणे न्याय्य आहे, कारण वीज आपण वापरतो, पक्षी नव्हे.

क्षुल्लक चिमणीचाही पित्याला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने शिकवले. मग स्वस्त वीज मागताना तिची उरलेली किंमत कोण देतो, हे आपण विचारू या. आणि रिकाम्या खोलीतला दिवा आज घरी गेल्यावर मालवू या.