पलायन की प्रस्थान?

एकाच नोकरीत वर्षे लोटली, बढती नाही, कामात गोडी उरली नाही. अशा वेळी परदेशी जाऊन इंग्रजी शिकवावे काय, असा प्रश्न अनेक सुशिक्षितांपुढे उभा राहतो. जपानने 1987 साली आरंभिलेल्या योजनेत सहभागी देशांतील पदवीधरास, अध्यापनाची सनद नसतानाही, सहायक शिक्षक म्हणून घेतात. करार एका वर्षाचा, वाढवून फार तर पाच वर्षांचा. द्वार सुलभ आहे, म्हणूनच विचार अवघड आहे.

लाफ्काडिओ हर्न हा वृत्तपत्रलेखक 1890 साली जपानला गेला तो लेखनासाठी. प्रकाशकाशी बिनसले, तेव्हा उपजीविकेकरिता मात्सुए येथील शाळेत त्याने इंग्रजी शिकविणे पत्करले. परंतु आपल्या विद्यार्थ्यांविषयी त्याने जिव्हाळ्याने लिहिले, आणि 1904 मध्ये देह ठेवीपर्यंत तो त्याच देशात राहिला. हेतू निर्वाहाचा असला म्हणून कर्म हीन ठरत नाही, हेच यावरून दिसते.

तात्पर्य, कंटाळून निघण्यात पाप नाही. ज्यांच्या दारी जावयाचे त्यांना विसरण्यात आहे. शिक्षकास ते वर्ष म्हणजे एक पालट. विद्यार्थ्याच्या आयुष्यात मात्र ते पुन्हा येत नाही. यास्तव जाणाऱ्याने स्वतःस विचारावे: परक्या मुलांच्या त्याच त्या चुका मी रोज तितक्याच आस्थेने दुरुस्त करीन काय? होकार आला तर निःशंक जावे. नकार आला, तर कंटाळाही सामानाबरोबर येणार हे ओळखून घरीच त्याचा उपाय शोधावा.