दर्शन घडविणारे हात



देवळाकडे निघताना आपण म्हणतो, 'दर्शन घेऊन येतो.' पूजा, नैवेद्य, प्रदक्षिणा हे सारे नंतर; आधी दर्शन. परंतु ज्याच्या डोळ्यांपुढे धुके दाटले आहे त्याने दर्शन कसे घ्यावे? हा प्रश्न आम्हांस पूर्वी कधी पडला नव्हता. तो आमच्या घरातच कसा उभा राहिला हे प्रथम सांगतो, कारण त्यात दोष आमचाच आहे.

आमचे घर पुजाऱ्याचे. आमची आजी रोज पहाटे सर्वांच्या आधी देवळात येई, समईत तेल घाली, वाती लावी आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोके टेकवी. एके दिवशी देवाला नवे वस्त्र नेसविले होते. आम्ही सहज विचारले, "आजी, रंग कसा वाटतो?" ती म्हणाली, "चांगला असेल रे बाळा." तिने 'आहे' न म्हणता 'असेल' म्हटले, हे मनाला टोचले. खोदून विचारले तेव्हा कळले की, दोन वर्षांपासून तिला देवाचे मुखच दिसत नव्हते. ज्योत तेवढी पिवळ्या डागासारखी दिसे. वाती ती बोटांनी चाचपून लावी. "तुमच्या मागे कामे थोडी का आहेत? आणि या वयात आता बघायचे काय राहिले?" असे म्हणून ती गप्प राहिली होती. देवाचे चांदीचे डोळे आम्ही रोज पुशीत होतो. आजीच्या डोळ्यांतील पांढरी छटा मात्र आम्हांस दिसली नाही. मग आंधळे कोण होते, आजी की आम्ही?

पुढे शिबिरात तपासणी झाली आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही झाली. पट्टी निघाल्यावर आजीने प्रथम आमच्याकडे पाहिले व म्हणाली, "किती वाळलास रे!" नंतर ती देवळात आली, गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "देव इथेच होता. उशीर आपण केला."

त्या दिवसापासून नेत्रवैद्यांची चरित्रे आम्ही आवडीने वाचू लागलो. त्यांतील एका पुण्यपुरुषाचे स्मरण आज करावयाचे आहे. डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांचा जन्म 1916 साली विजापूर जिल्ह्यातील बिळगी येथे झाला. तो जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. बिळगी आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. 1942 च्या आंदोलनात महात्मा गांधींच्या शब्दांनी या तरुण डॉक्टराच्या मनात पालट घडविला. व्यवसायातील सुख बाजूस सारून 1943 साली त्यांनी गुजरातेतील पाटण येथे पहिले मोफत नेत्रशिबिर भरविले, आणि तेथून जी वाट धरली ती आयुष्यभर सोडली नाही.

त्यांचा विचार अगदी साधा होता. खेड्यातील आंधळा म्हातारा शहरातील रुग्णालयापर्यंत पोहोचू शकत नाही, तर रुग्णालयानेच त्याच्या दारी जावे. अनेक टेबले ओळीने मांडावयाची, साहाय्यकांनी रोग्यांची तयारी करावयाची आणि डॉक्टरांनी एकापाठोपाठ एक शस्त्रक्रिया करीत जावयाचे, अशी त्यांची रीत होती. एकाच दिवशी त्यांनी मोतीबिंदूच्या 833 शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. जन्मभरातील त्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या सहा लाखांच्या वर जाते. सरकारने त्यांना 1956 साली पद्मश्री आणि 1968 साली पद्मभूषण देऊन गौरविले. कन्नड जनतेने मात्र त्याहून मोठी पदवी दिली, 'डोळे देणारा अण्णा'! 2005 साली ते निवर्तले.

सहा लाख हा आकडा ऐकून आपण थक्क होतो आणि विसरूनही जातो. म्हणून त्याऐवजी एकच चित्र डोळ्यांपुढे आणावे. आंधळ्या आजोबांच्या काठीचे एक टोक धरून एक लहान नातू पुढे चालला आहे. त्याच्या बरोबरीची मुले शाळेत गेली आहेत. हा मात्र आजोबांचे डोळे झाला आहे. त्या आजोबांना दिसू लागते त्या दिवशी दोघांची सुटका होते. आजोबांच्या हाती पुन्हा काम येते आणि नातवाच्या हाती पाटी येते. अशा किती नातवांनी ती काठी खाली ठेवली असेल, याचा विचार करावा.

आपल्या महाराष्ट्रातही हे व्रत चालविणारे निपजले. पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे डॉ. मनोहर डोळे यांनी मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभारून गरिबांची सेवा केली. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूळचे ते आयुर्वेदाचे वैद्य. आडनाव डोळे आणि कार्यही डोळ्यांचेच, असा हा योग!

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "वऱ्हाडचे गुलाबराव महाराज बालपणीच अंध झाले, तरी ज्ञानाने प्रज्ञाचक्षू ठरले. मग चर्मचक्षूंचे एवढे काय?" महाराजांचा अधिकार थोर होता. परंतु संतांचे अंतश्चक्षू आपल्यापाशी नाहीत. आणि असले तरी दुसऱ्याच्या अंधारास तो उपदेश पुरेसा नाही. दुसरा कोणी म्हणेल, "आम्ही जामसावळीच्या मारुतीला नवस बोललो आहोत." नवस अवश्य फेडावा; पण डॉक्टराकडेही जावे. मारुतीरायाने लक्ष्मणासाठी औषधीचा पर्वतच उचलून आणला. तो औषधाचा वैरी कसा असेल? मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. काचबिंदूने गेलेली मात्र येत नाही. म्हणून विलंब करू नये.

आता नेत्रदानाविषयी. मृत्यूनंतर डोळे दिले तर पुढच्या जन्मी अंधत्व येते, अशी भीती अनेक घरांत आहे. वैकुंठचतुर्दशीची कथा आठवावी. भगवान विष्णू शंकरास सहस्र कमळे वाहत होते. एक कमी पडले, तेव्हा त्यांनी आपला नेत्रच अर्पण करावयास घेतला. शंकर प्रसन्न झाले आणि विष्णूंस सुदर्शन लाभले. देणाऱ्याचे उणे झाले नाही. आपल्याला तर जिवंतपणी काही द्यावयाचे नाही. देह अग्नीस देण्यापूर्वी, सुमारे सहा तासांच्या आत, डोळ्यांचा पारदर्शक पडदा काढून घेतात. त्याने दोन अंधांना दृष्टी येऊ शकते. वय झाले, चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, यांपैकी कशानेही अडत नाही. घरच्यांनी वेळेवर नेत्रपेढीस कळवावे, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा, एवढेच.

आमच्या आजीने आपली इच्छा घरात सर्वांस सांगून ठेवली आहे. ती म्हणते, "मला उशिरा दिसले. माझ्या डोळ्यांनी आणखी कोणाला तरी देव दिसू दे."

तिगावातील सर्व कुटुंबांस आमची हात जोडून विनंती आहे. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसावे. त्यांचा एकेक डोळा झाकून आपली बोटे मोजावयास सांगावीत. बागेतील संत्र्याचा रंग विचारावा. उत्तर 'असेल' असे आले, तर ते तेथेच सोडून देऊ नये. ज्यांनी आपणांस बोट धरून देवळात आणले, त्यांना देव दिसतो की नाही हे पाहणे, ही आपली पहिली पूजा होय.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥