भिंतीवरचा भाडेकरू

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती, आणि त्या शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६वे लेणे कोरवून घेतले. लेण्यातला त्याचा संस्कृत शिलालेख नागपूरच्या वा. वि. मिराशींनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या वाकाटकांच्या लेखसंग्रहात संपादित केला. दारे, खिडक्या, खांब यांच्या जोडीला वराहदेवाने त्यात आपल्या लेण्यातील चित्रवीथीचाही उल्लेख करून ठेवला आहे. भिंतीवर चित्र असावे आणि ते कोणी करवून घेतले हे चारचौघांना कळावे, ही हौस या मुलखाला नवी नाही.

आजचा वराहदेव हप्त्यांवर टीव्ही घेतो. सॅमसंगने २०१७ मध्ये ‘द फ्रेम’ नावाचा टीव्ही बाजारात आणला आणि २०१९ मध्ये तो भारतात आला तेव्हा ५५ इंची संचाची किंमत १,१९,९९९ रुपये होती. बातम्या-मालिका संपल्या की पडदा काळा न होता त्यावर एखादे चित्र उमटते. कडेला लाकडी वाटणारी चौकट, मागे भिंतीला घट्ट चिकटणारा ब्रॅकेट. खोलीतला उजेड पाहून चित्राचा उजळपणा कमी-जास्त होतो, खोलीत कोणी नसेल तर चित्र विझते. २०२२ पासून पडदा मॅट झाला, त्यामुळे ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडत नाही आणि दोन पावलांवरूनही छापील कागदाचा भास होतो. आता हायसेन्स, टीसीएल यांचेही असे संच निघाले आहेत.

याला श्रीमंतांचे खूळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण अडचण खरी आहे. बंद टीव्ही कुरूप दिसतो. आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या संचांना लाकडी पेटी आणि सरकते शटर असे, ते उगीच नव्हे. कार्यक्रम संपला की शटर ओढायचे, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलदाणी. पिक्चर ट्यूबमुळे संच पाठीमागे हातभर लांब असल्याने तो टेबलावर किंवा शोकेसमध्येच मावे आणि भिंत मोकळी राही. पडदा सपाट झाला तेव्हा टीव्ही भिंतीवर चढला, तोही दारातून शिरताच समोर दिसणाऱ्या भिंतीवर. ज्यांची ती जागा होती ते फोटो निमूटपणे बाजूच्या खोलीत गेले.

ते फोटो म्हणजे नुसती सजावट नव्हती. वऱ्हाडातल्या जुन्या बैठकीत भिंतीवर नजर फिरवली की घर कोणाचे हे कळत असे. कुठे शेगावचे गजानन महाराज, कुठे बुद्ध आणि बाबासाहेब, तांड्यावर सेवालाल महाराज, मुसलमान घरात मक्का-मदिना. त्यांच्या शेजारी चंदनाच्या सालींचा हार घातलेले आजोबा आणि डिग्रीच्या काळ्या झग्यातली नात. हे फोटो छताजवळ, दोरीवर पुढे झुकवून टांगलेले असत. मागच्या फटीत चिमण्या हक्काने घरटी करत आणि त्या फोटोंवरची धूळ पिल्ले उडेपर्यंत कोणी झटकत नसे. नवा टीव्ही भिंतीला इतका चिकटून बसतो की मागे पालीलाही थारा नाही. प्रगती म्हणायची तर हीच.

पण जुनी चित्रे अस्सल आणि पडद्यावरची नकली, हा युक्तिवाद टिकणार नाही. भिंतीवरचे देव छापीलच होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या देव्हाऱ्यांत शिरल्या, आणि छापील लक्ष्मीला हळदकुंकू वाहताना कोणाचा हात अडला नाही.

चित्र क्षणभंगुर असणे हाही दोष नव्हे. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, पोरांनी वेढलेल्या जिवत्या, बुध-बृहस्पती, सगळे एकाच स्वस्त कागदावर. आघाडा-दूर्वांची माळ, शुक्रवारी पुरणाचा नैवेद्य, लेकरांना ओवाळणे, आणि महिना सरला की कागद उतरतो. नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग पुढच्या पोताऱ्यात जातात. ठरावीक काळापुरते चित्र लावण्याची रीत आपल्याकडे पडद्याच्या कितीतरी आधीची आहे.

फरक आहे तो निवडीत. जिवतीचा कागद बाजारातून कोणीतरी आणतो, कोणीतरी चिकटवतो, आणि तो का लावायचा हे घरातल्या थोरल्या बाईला ठाऊक असते. टीव्हीतले चित्रांचे दुकान दर महिन्याला वर्गणी घेते. न्यूयॉर्कचे मेट, माद्रिदचे प्रादो अशा संग्रहालयांतली चित्रे त्यात आहेत, उत्तम आहेत. वर्गणी थांबली की ती जातात. लाखभर रुपये मोजून भिंत आपली राहते आणि तिच्यावर भाडेकरू येतो, तोही दुसऱ्या कोणी पाठवलेला. रिसोडच्या एखाद्या नव्या हॉलमध्ये मोनेची कमळे दिसण्यात वाईट काही नाही. पाहुण्याने ‘हे कोणाचं?’ विचारल्यावर ‘टीव्हीतलं आहे’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर मात्र ते चित्र वॉलपेपरच्या लायकीचे उरले.

घेणाऱ्याने घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनच गेला. मोबदल्याच्या पैशातून जिथे स्लॅबची घरे उभी राहिली, तिथे असा संच शोभेल. पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतीत ड्रिल घातले तर गिट्टी धरत नाही, माती भसाभस गळते, आणि संचाचे वजन पंधरा-वीस किलोंच्या घरात असते. वायर दिसू नये म्हणून ज्या मॉडेलला जोडण्यांचा वेगळा डबा मिळतो, त्यासाठी कपाटात जागा आणि भिंतीत पाइप लागतो. हे प्लॅस्टर होण्याआधी मिस्त्रीला सांगायचे. उंचीचा घोळ तर कोणी सांगतच नाही. चित्र उभ्या माणसाच्या नजरेला हवे, टीव्ही बसलेल्याच्या. सतरंजीवर बसून पाहणाऱ्या घरात दोन्ही साधत नाही. बसलेल्यांचे ऐकावे, मानेचे दुखणे टळते. विजेचेही गणित आहे. चित्र दाखवताना संच ५० वॅट खातो असे धरले, तर दहा तासांत अर्धा युनिट होतो. कागदाच्या चित्राला हे बिल नव्हते आणि लाइन गेली तरी ते जागेवर असे.

वर्गणीच्या भाडेकरूवर तोड त्याच टीव्हीत आहे, तीही फुकट. फोनमधला किंवा पेन ड्राइव्हवरचा आपला फोटो पडद्यावर ठेवता येतो. मेटने २०१७ मध्ये आपल्या ३,७५,००० हून अधिक प्रतिमा सर्वांना मोफत खुल्या केल्या, तेव्हा परदेशी चित्रांसाठीही वर्गणी भरण्याचे कारण नाही. मग अजिंठ्याचा पद्मपाणी का लावू नये? अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार तो ज्यात आहे ते पहिले लेणे हरिषेणाच्याच काळातले, म्हणजे वत्सगुल्माच्या वैभवकाळातले.

अजिंठा भिंतीवरून उचलून नेण्याची धडपड मात्र फारशी फळली नाही. ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षे राबले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. मूळ चित्रे तूस आणि तंतू कालवलेल्या मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर काढलेली. ती झडली, काळवंडली, तरी त्याच खडकावर आहेत. आता कॅमेऱ्याने नक्कल सोपी झाली आणि आगीचे भयही राहिले नाही.

सगळेच पडद्यावर चढेल असे मात्र नाही. बंजारा बायांच्या फेटिया-कांचळीवरचे आरशांचे भरतकाम फोटोत सुंदर येते, पण चकाकी मारण्यासाठीच बनवलेल्या मॅट पडद्यावर त्यातला आरसा करड्या टिकलीसारखा दिसतो. असा कपडा काचेच्या चौकटीत घालून टीव्हीशेजारीच टांगावा. हार घातलेल्या आजोबांनाही पडद्यात कोंबू नये, कारण तिथे हार घालायला खिळा नाही. ब्रॅकेटसाठी ड्रिल आलेलेच असते. त्याच फेरीत दोन भोके जास्त पाडून घेता येतात.