शंकेचा अधिकार

समाजाने आपल्या नागरिकांना काय ऐकवावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनाचा वाटतो. पण मूलतः तो नैतिक आहे. श्रोत्याला काय द्यायचे हे ठरवताना श्रोता कोण आणि त्याची कुवत किती, याविषयीचा एक निर्णय आधीच घेतलेला असतो. हा निर्णय सहसा कोठे लिहून ठेवलेला नसतो. तो कार्यक्रमपत्रिकेतून वाचावा लागतो. त्या दृष्टीने महायुद्धोत्तर ब्रिटनमधील बी.बी.सी.चा एक दिवस, बुधवार २८ जानेवारी १९४८, उद्बोधक आहे.

या दिवसामागे एक विचार उभा होता. बी.बी.सी.चे पहिले महासंचालक जॉन रीथ यांची श्रद्धा अशी, की लोकांना हवे तेवढेच न देता त्याहून थोडे वरचे द्यावे. त्यांच्या काळात एकाच लहरीवर विनोद, व्याख्यान, प्रार्थना आणि संगीत एकामागून एक येत. ताटात न मागितलेला पदार्थही पडावा, तशी ही योजना होती. युद्धानंतर महासंचालक विल्यम हेली यांनी तीन राष्ट्रीय सेवांची रचना सिद्ध केली. १९३९ पासूनची ‘होम सर्व्हिस’ मध्यभागी राहिली. जुलै १९४५ मध्ये करमणूकप्रधान ‘लाइट प्रोग्रॅम’ आला आणि २९ सप्टेंबर १९४६ रोजी अभिजात कलांना व गंभीर विचाराला वाहिलेला ‘थर्ड प्रोग्रॅम’. हेली यांच्या मनात पिरॅमिडची प्रतिमा होती: पाया विस्तीर्ण, शिखर निमुळते, श्रोत्याने हळूहळू पायरी चढत वर जावे. हेतू उदार होता, यात शंका नाही.

त्या काळातील दिवसाचा क्रम या रचनेला धरून चाले. होम सर्व्हिसवर सकाळी प्रार्थना, नंतर शालेय पाठ, आणि रात्री नऊला बिग बेनच्या टोल्यांबरोबर बातम्या. लाइट प्रोग्रॅमवर दुपारी ‘वुमन्स अवर’, आणि त्याच महिन्याच्या ५ तारखेला सुरू झालेली, एका डॉक्टरच्या पत्नीच्या संसाराची ‘मिसेस डेल्स डायरी’. सायंकाळी पावणेसात वाजता ‘डिक बार्टन : स्पेशल एजंट’. या साहसमालिकेला तिच्या भराच्या काळात सुमारे दीड कोटी श्रोते लाभले. मोठ्यांसाठी योजलेली ही मालिका मुलांनी उचलून धरली, तेव्हा तिच्या परिणामाविषयी तक्रारी येऊ लागल्या. मग नायकाच्या वर्तनाची लिखित नियमावली झाली. बार्टनने धडधडीत खोटे बोलू नये, मद्य घेऊ नये, अपशब्द उच्चारू नये, विनाकारण बळाचा वापर करू नये. शत्रूच्या तावडीतून दररोज सुटणारा हा वीर नियमांच्या तावडीतून मात्र कधीच सुटू शकत नव्हता.

त्याच दिवशी थर्ड प्रोग्रॅमवर बर्ट्रांड रसेल आणि फ्रेडरिक कोपलस्टन यांचा ईश्वराच्या अस्तित्वावरील वाद प्रसारित झाला. कोपलस्टन हे जेझुइट धर्मगुरू आणि तत्त्वज्ञानाचे इतिहासकार; रसेल अज्ञेयवादी. जगातील प्रत्येक वस्तूचे कारण तिच्याबाहेर असते, म्हणून या साऱ्यांना आधारभूत असे स्वयंसिद्ध तत्त्व मानले पाहिजे, ही कोपलस्टन यांची भूमिका. विश्व आहे एवढेच म्हणता येते, त्याच्या समग्र कारणाचा प्रश्न निरर्थक आहे, हे रसेल यांचे उत्तर. पुढे चर्चा नीतीकडे वळली. चांगले व वाईट ओळखायचे कशाने, या प्रश्नावर रसेल यांनी भावनेकडे बोट दाखवले आणि रंगांमधील भेद ओळखण्याशी त्याची तुलना केली. कोपलस्टन यांनी बेल्सन छळछावणीच्या प्रमुखाचा दाखला दिला: त्याचे कृत्य आपल्याला दुष्ट वाटते, पण हिटलरला ते चांगले वाटले असेल, तर निवाडा कोणत्या आधारावर करायचा? बेल्सन मुक्त होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. कोणीही हरले नाही, कोणीही जिंकले नाही. निर्णय श्रोत्यावर सोपवला गेला.

येथे एक विसंगती लक्षात येते. एकाच संस्थेने, एकाच दिवशी, नीती या एकाच विषयासंबंधी दोन श्रोत्यांशी दोन प्रकारे व्यवहार केला. एकाला नीती नियम म्हणून मिळाली, दुसऱ्याला प्रश्न म्हणून. एकाच्या नायकाला खोटे बोलण्याची मुभा नव्हती. दुसऱ्यासमोर ‘खोटे बोलणे वाईट का?’ हाच मुद्दा खुला होता. परवान्याचा वार्षिक एक पौंड मात्र दोघांनीही सारखाच भरला होता. तेव्हा या पिरॅमिडने अभिरुचीची जी विभागणी केली, तिच्या तळाशी आणखी एक विभागणी दडलेली होती: शंका कोणाला झेपते आणि कोणाला झेपत नाही, ही.

यावर आक्षेप घेता येतील. पहिला असा, की थर्ड प्रोग्रॅमचे दार कोणालाही बंद नव्हते. संचाची कळ फिरवणे एवढेच करायचे होते. हे तत्त्वतः खरे आहे. परंतु अनेक भागांत त्याचे ध्वनिग्रहण क्षीण होते, प्रसारण सायंकाळी सहा ते मध्यरात्र चाले, आणि पहाटे कामावर जाणाऱ्याला मध्यरात्र परवडत नसे. शिवाय ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे मुद्दाम सांगावे लागत नाही; स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र लहर तेच सांगत असतात. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. बार्टनच्या श्रोत्यांत मुले पुष्कळ होती. मुलांपुढे नीतीचा पायाच उकरून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. हा युक्तिवाद मुलांपुरता मान्य करावा लागतो. अडचण अशी, की संरक्षणाची ही वृत्ती मुलांपाशी थांबत नाही. ती प्रौढांनाही मूल मानू लागते.

याचा प्रत्यय सात वर्षांनी आला. जानेवारी १९५५ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या मार्गारेट नाइट यांची ‘धर्माविना नीती’ या विषयावरील दोन भाषणे प्रसारित झाली. त्यांचे म्हणणे जहाल नव्हते. मुलांची नीती केवळ धर्मश्रद्धेला बांधून ठेवली, तर पुढे श्रद्धा ढळल्यावर नीतीही ढळण्याचा धोका असतो. म्हणून श्रद्धा नसलेल्या आईबापांनी मुलांना सदाचाराची मानवी कारणे सांगावीत, असा त्यांचा आग्रह होता. तरीही वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. रसेल यांचे विचार धर्मश्रद्धेला कमी प्रतिकूल नव्हते. फरक होता तो स्थळाचा आणि श्रोत्यांचा. नाइट बोलल्या होम सर्व्हिसवर, घरोघरच्या आईबापांना उद्देशून. शिखरावर जी शंका तत्त्वचिंतन ठरली होती, ती पिरॅमिडच्या मध्यावर उतरताच धोका ठरली. बी.बी.सी.ने मात्र माघार घेतली नाही. तिसऱ्या प्रसारणात ख्रिस्ती पक्ष मांडणाऱ्या एका स्त्रीशी नाइट यांची चर्चा घडवली, म्हणजे प्रश्न खुलाच ठेवला. त्या संस्थेच्या इतिहासातील हे श्रेय नोंदवलेच पाहिजे. १९४८ च्या अखेरीस रीथ व्याख्यानमालेची पहिली व्याख्याने रसेल यांनी होम सर्व्हिसवरूनच दिली, हेही विसरता कामा नये. संस्था आपल्याच रचनेपेक्षा काही वेळा मोठी ठरत होती.

थर्ड प्रोग्रॅमची थोरवी यामुळे उणावत नाही. डिलन टॉमस यांचे ‘अंडर मिल्क वुड’ १९५४ मध्ये आणि सॅम्युएल बेकेट यांचे ‘ऑल दॅट फॉल’ १९५७ मध्ये त्याच लहरीवर प्रथम ऐकू आले. १९५७ मध्ये त्याचे तास कमी करण्यात आले, तेव्हा टी. एस. एलियट यांच्यासारख्यांनी विरोध केला, तो योग्यच होता. अल्पसंख्य श्रोत्यांसाठी उत्तम ते राखून ठेवणे हा दोष नाही. दोष आहे तो उत्तमाबरोबर प्रश्नही राखून ठेवण्याचा. सुरेल चतुष्टक ऐकण्यासाठी कान तयार व्हावा लागतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु ‘मी चांगले का वागावे?’ हा प्रश्न पडण्यासाठी कोणत्याही पूर्वतयारीची गरज नसते. तो गिरणीतल्या कामगारालाही पडतो, इस्त्री करणाऱ्या गृहिणीलाही पडतो. रीथ यांच्या सरमिसळ कार्यक्रमांत निदान एवढी शक्यता होती, की गाण्याची वाट पाहणाऱ्याच्या कानी अवचित एखादे भाषण पडावे. हेली यांच्या पायऱ्यांनी चढण सोपी केली आणि हा योगायोग दुर्मीळ केला.

माणसाला उन्नत करू पाहणाऱ्याने आधी त्याच्याविषयी काय गृहीत धरले आहे, हे तपासावे लागते. उत्तर देणे हा उपकार असू शकेल. ज्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक नाही, तो प्रश्न समोरच्यापुढे मोकळेपणाने ठेवणे हा मात्र आदर आहे. त्या बुधवारी हा आदर ब्रिटनमधील मूठभर श्रोत्यांच्या वाट्याला आला. तो बार्टनच्या श्रोत्यांनाही, त्यांच्या वयाला आणि भाषेला साजेल अशा रीतीने, कसा देता आला असता, हे त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेने अनुत्तरित ठेवलेले कोडे आहे. आणि लोकांसाठी लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या प्रत्येकापुढे ते आजही आहे.